बस सुटली तेव्हा बुरूज कुठे होता?

१

अंतिम सामन्याच्या दिवशी आमचा बुरूज हरवला.

बुरूज म्हणजे आमचा गोलकीपर. खरं नाव त्याच्या आईला आठवत असेल, आम्हाला नाही. गादीच्या कारखान्यात कामाला, दारातून आत येताना तिरका होऊन येणारा गडी. आमचा क्लब ज्या लीगमध्ये खेळतो तिच्याखाली दुसरी लीग नाही, खाली थेट माती आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वर चढायला एकच सामना उरला होता. जिंकलो तर वरची लीग. हरलो तर पुन्हा तीच मैदानं, जिथे कॉर्नर घ्यायच्या आधी शेळी बाजूला करावी लागते.

आमच्या सरांची माणसं मोजायची पद्धत वेगळी आहे. सर एरवी गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे आजूबाजूला बघण्यावर त्यांचा भारी विश्वास. ते माणसं मोजतच नाहीत. बस सुटताना ओरडतात, "आपापला शेजारी बघा!" मग प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघून 'आहे' म्हणायचं. यामुळे संघभावना वाढते असं सरांचं म्हणणं. वाढलीही असेल. पण बुरूज कायम शेवटच्या बाकावर एकटा बसतो, शेजारी हातमोजे ठेवून. त्याचे शेजारी म्हणजे हातमोजे. आणि हातमोजे 'आहे' म्हणत नाहीत.

स्टेडियमशी बस थांबली, सगळे उतरायला उठले. मागच्या बाकावर फक्त हातमोजे उरले.

"फोन लावतो," सर म्हणाले आणि त्यांनी बुरुजाला फोन लावला. लगेच त्यांच्या मांडीवरचा बिस्किटांचा डबा वाजू लागला. सामन्याच्या दिवशी सगळ्यांचे फोन सर त्याच डब्यात गोळा करतात. सरांनी डबा उघडला, वाजणारा फोन उचलला आणि म्हणाले, "हॅलो, बुरूज? कुठे आहेस?"

थोडा वेळ ते स्वतःशीच बोलले. मग त्यांच्या लक्षात आलं.

सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडे बघितलं. कारण मी दुसरा गोलकीपर. मला बाकड्या म्हणतात. क्लबमध्ये आल्यापासून मी बाकावर बसलोय, एकही सामना खेळलेलो नाही. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि संध्याकाळी बाक घासतो. बुरूज सापडला नाही तर त्या अवाढव्य स्टेडियममध्ये गोलात मी उभा राहणार होतो.



२

सुदैवाने मामा बरोबर होता. म्हणजे आईने पाठवला होता. "पोरगं एवढ्या लांब चाललंय, बाकावरून पडलं तर?" असं तिचं म्हणणं.

मामा निवृत्त लाइनमन. आयुष्यभर मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन पळाला. झेंडा अजून खिशात असतो. समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की मामा तो वर करतो, तोंडाने काही बोलत नाही. त्या झेंड्यामुळे आमच्या नात्यातली दोन लग्नं जमता जमता राहिली.

"अपहरण!" बसमध्ये चढत क्लबचे अध्यक्ष ओरडले. "समोरच्या टीमने पळवला त्याला!"

"बुरुजाला पळवायला क्रेन लागेल साहेब," मामा म्हणाला. "आणि मला तो पोरगा तसाही आवडत नाही. परवा स्कूटरची किल्ली फेकली त्याच्याकडे. झेलली नाही. छातीवर आपटून खाली पडली तरी उभाच. माजोरडा. पण तो प्रश्न वेगळा. आत्ताचा प्रश्न एकच."

"कुठे गेला तो?" सर म्हणाले.

"ते नको. नंतर कुठे गेला, आधी कुठे होता, ते मला नको. चेंडू सुटला तेव्हा कोण कुठे होतं? ऑफसाइडसाठी मी जन्मभर एवढंच बघितलंय. इथे चेंडू नाही, बस आहे. बस सुटली तेव्हा कोण कुठे होतं?"

त्याने मागच्या बाकावरचे हातमोजे उचलले, उलटसुलट केले आणि माझ्याकडे टाकले. "घाल रे."

मी घातले. अगदी मापात बसले. दुकानात घालून बघून घेतल्यासारखे.

आता, बुरुजाचे हात म्हणजे फावडी. त्याच्या एका मोज्यात माझे दोन्ही हात मावतात. आम्ही एकदा मावतात का ते बघितलंही होतं.

सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"बाकड्या," सर फार हळू आवाजात म्हणाले, "बुरुजाच्या जागेवर तुझ्या मापाचे मोजे? आणि बुरूज गायब? आणि तो नसला की खेळणार कोण, तर तू?"

"सर, मला खेळायचं नाहीये! आईची शपथ!"

"तो असंच म्हणणार," अध्यक्ष म्हणाले. "मला तर आज हरण्याची कल्पनाही सहन होत नाही!"

मामाने खिशातून झेंडा काढला. माझ्याकडे तोंड केलं आणि झेंडा सरळ वर केला.

३

सख्खा मामा. मला मटकन खाली बसावंसं वाटलं, पण खाली आधीच एक पिशवी होती.

"सरक जरा," मामा म्हणाला. "मधे उभा आहेस."

मी सरकलो. माझ्या मागे अध्यक्ष होते.

मामाने त्यांना मालिशच्या खोलीत नेलं. मीही गेलो, कारण मला एकट्याला सोडायला कोणी तयार नव्हतं. अध्यक्षांचा फरशांचा धंदा. ते मालिशच्या टेबलावर बसले आणि त्यांचा मेहुणा वर्तमानपत्राने त्यांना वारा घालू लागला.

"हरायची कल्पना सहन होत नाही म्हणालात," मामा म्हणाला. "का हो?"

"क्लबवर प्रेम आहे माझं!"

झेंडा जरासा हलला.

"आहे हो प्रेम!" अध्यक्ष कळवळले. "पण वरच्या लीगचा नियम आहे, प्रेक्षकांवर छप्पर पाहिजे. आणि मी वार्षिक सभेत सगळ्यांसमोर बोलून बसलोय, वर गेलो तर छप्पर माझं. टाळ्या पडल्या हो, काय करणार. तेव्हा कुणाला वाटलं होतं आपण वर जाऊ?"

"बस सुटली तेव्हा कुठे होता?"

"माझ्या गाडीत. बसच्या पुढे. हा मेहुणा शेजारी."

मेहुण्याने मान डोलावली आणि वर्तमानपत्र उलटं करून दुसऱ्या बातमीने वारा घालू लागला.

झेंडा खालीच राहिला. "जा," मामा म्हणाला. "मनाने हरलेले आहात, पण चोर नाही."

मग सर आले. ते मालिशच्या टेबलावर आडवे झाले आणि उठेचनात.

"सकाळी मैदानावर आला होता," छताकडे बघत ते म्हणाले. "फोन स्वतःच्या हाताने डब्यात टाकला. माझ्याकडे बघून हसला. म्हणजे माझ्या कानाकडे बघून. सवयच आहे त्याची."

"कानाकडे?"

"वर्षभर झालं, कोणाशीही बोलताना तोंडाकडे बघत नाही. लोक म्हणतात शिष्ट झालाय. मी म्हटलं होऊ दे, गोल तर अडवतोय. कारखान्यातही शिलाईच्या यंत्रावरून उठून पॅकिंगला बदली मागून घेतली म्हणे. डोक्यात काय शिरलंय देव जाणे."

"यंदा गोल किती खाल्ले?"

"नाममात्र. आपली बचावफळी फार आरडाओरडा करते ना, त्याला सगळं आधीच कळतं. मागच्या सामन्यात खाल्ला तेवढाच वाईट. समोरच्यांचे पाठीराखे भोंगे घेऊन आले होते. त्यांनी भोंगे वाजवले आणि बुरूज नुसता उभा राहिला. चेंडू पोटासमोरून गेला हो त्याच्या! पोटासमोरून!"

 मामा झेंड्याची काठी कपाळावर आपटत राहिला. मग म्हणाला, "भाच्या, तुझ्या दुकानात कधी आलाय का तो?"

"कधीच नाही. उलट आमचं दुकान आलं की रस्ता ओलांडतो."

"कॅप्टनला बोलवा," मामा म्हणाला.

४

कॅप्टन आमचा प्लंबर. बचावफळीच्या मधोमध खेळतो. त्याचा आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्या नळालाही दम भरेल. पण मागच्या सामन्यात भोंग्यांवर ओरडून ओरडून त्याचा घसा पार बसला होता. आता तो गोळ्या चघळत खुणांनी बोलत होता.

मामाने सगळ्यांना ड्रेसिंग रूममध्ये उभं केलं. "सकाळी सर म्हणाले, आपापला शेजारी बघा. शेवटच्या बाकासाठी 'आहे' कोण म्हणालं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कोणीच म्हणालं नव्हतं. मग आमचा डावा बचावपटू डोकं खाजवत म्हणाला, "कॅप्टनने हात वर केला होता ना मागे बघून? मला वाटलं बुरूज आहे म्हणून सांगतोय."

"काखेत खाज सुटली होती," कॅप्टन घोगऱ्या आवाजात पुटपुटला.

झेंडा वर गेला. नुसता वर गेला नाही, फडफडला.

कॅप्टनचे डोळे भरून आले. हा माणूस फुटलेल्या पाइपाखाली उभा राहून हसतो. तो आता मान खाली घालून रडत होता आणि घसा बसल्यामुळे ते रडणंही ऐकू येत नव्हतं. नुसते खांदे हलत होते.

"कुठे आहे तो?" सर ओरडले. "सामन्याला किती थोडा वेळ राहिलाय! बोल रे!"

कॅप्टनने नुसती मान हलवली. मी खिडकीकडे वळलो, कारण मला त्याच्याकडे बघवेना. बाहेर मैदान दिसत होतं. प्रेक्षकांनी स्टेडियम खचाखच भरलं होतं. ढोल, भोंगे, घोषणा, सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला होता, समुद्रासारखा. मैदानाच्या कडेने आमचं बदक चाललं होतं. बदक हा आमच्या क्लबचा शुभंकर. पिवळा कापडी पोशाख, मोठी चोच, आत माणूस. एरवी आत अध्यक्षांचा मेहुणा असतो आणि तो फार नखऱ्याने नाचतो.

आज बदक नाचत नव्हतं. हळूहळू चालत ते कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत गेलं आणि सरळ त्याच्यावर जाऊन आदळलं. मग झेंड्याची माफी मागितल्यासारखी त्याने मान लववली.

"मामा," मी म्हणालो, "बदक प्यायलंय."

मामा खिडकीशी आला. त्याने बदकाकडे बघितलं. मग मागे वळून दारातल्या मेहुण्याकडे बघितलं, जो अजून अध्यक्षांना वारा घालत होता.

आणि म्हातारा धूम पळत सुटला.

५

खेळाडू मैदानावर जातात त्या बोगद्यात आम्ही बदकाला गाठलं. मागून कॅप्टनही आला होता.

"थांब रे," मामा धापा टाकत म्हणाला. "तू माजोरडा नाहीस. किल्ली तुला दिसलीच नाही. तू माणसाच्या कानाकडे बघतोस, कारण तोंडाकडे बघितलं की तोंड दिसत नाही. शिलाईवरून उठलास, कारण सुईखाली बोट गेलं असतं. चष्म्याच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडतोस, कारण हा गाढव म्हणेल, आत ये, डोळे तपासतो. आणि भोंगे वाजले तेव्हा पोटासमोरून गोल खाल्लास, कारण तू चेंडू बघून अडवतच नाहीस. ऐकून अडवतोस. चोच काढ."

बदकाने डोकं उतरवलं. आत बुरूज. घामाने थबथबलेला, माझ्या डाव्या कानाकडे बघत.

"मधलं जातंय," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. समोर धूर असतो. रोज थोडा वाढतो."

"दुकानात ये," मी म्हणालो. "आमचे साहेब चांगल्यातला चांगला नंबर…"

"मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलोय रे. चष्म्याचं काम नाही, ऑपरेशनचंही नाही. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला. डॉक्टर पाठीवर हात ठेवतात तेव्हा समजायचं."

मग कळलं ते असं. अख्ख्या बचावफळीला माहीत होतं. वर्षभर ती पोरं बुरुजासाठी ओरडत होती. 'डावी' म्हटलं की डावीकडे झेप, 'उजवी' म्हटलं की उजवीकडे, आणि 'पोट' म्हटलं की हलायचं नाही, चेंडू थेट अंगावर येतोय. आमच्या घरच्या मैदानावर प्रेक्षक म्हणजे कुणाचे तरी काका आणि ती शेळी. तिथे सगळं ऐकू यायचं. इथे या आवाजात देव ओरडला असता तरी ऐकू आला नसता, आणि सगळ्यात मोठा घसा मागच्या सामन्यापासून गोळ्या चघळत होता.

"सरांना सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं की कारखान्यात कळणार. मग पॅकिंगवरूनही उठवणार. आईला काय सांगू? शिवाय सरांनी मला आजही उभं केलं असतं, लकी आहे म्हणून. मी उभा राहिलो असतो तर आपण हरलो असतो. म्हणून तुझ्यासाठी मोजे घेतले. कॅप्टनने ते माझ्या बाकावर ठेवले, मला हा पोशाख आणून दिला, मी पाठीराख्यांच्या बसमधून आलो. मेहुण्याला सांगितलं, आज तुला सुट्टी."

"पण बदक कशाला?"

बुरुजाने जरा विचार केला. "गोलच्या मागे उभं राहता येतं. सामना मला दिसणार नाही ते माहीत आहे. पण लांबून न दिसण्यापेक्षा जवळून न दिसलेला बरा."

 मामाने झेंडा गुंडाळला. केस सुटली होती. गुन्हेगार सापडला, हेतू सापडला, हातमोज्यांचा पत्ता लागला. आणि माझ्या परिस्थितीत तसूभर फरक पडला नव्हता. मी अजूनही तिथेच होतो आणि मोजे माझ्या हातातच होते.

सर धावत आले तेव्हा बुरुजाने चोच घातली होती.

"सापडला?"

"उलट्या होतायत त्याला, घरी आहे," मामा म्हणाला आणि सवयीने स्वतःवरच झेंडा वर केला. सरांनी सुदैवाने बघितलं नाही.

"बाकड्या," सर म्हणाले, "चल."

६

सामन्याबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण तो माझ्यापासून लांब झाला. मी गोलात आहे या भीतीने आमची पोरं अशी खेळली की चेंडू माझ्याकडे येऊच देईनात. कॅप्टनने दोनदा तोंडाने चेंडू अडवला. मी गोलात उभा राहून हात हलवत होतो, काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. मागे बदक उभं होतं. अधूनमधून ते चुकीच्या दिशेला बघून टाळ्या वाजवायचं.

आम्ही गोल केला नाही. त्यांनीही केला नाही. आणि अगदी शेवटी, रेफ्री घड्याळ बघत असताना, चेंडू कॅप्टनच्या हाताला लागला.

पेनल्टी.

त्यांचा नऊ नंबरचा खेळाडू पुढे आला. केस नीट करणारा माणूस. त्याने चेंडू ठेवला, मागे गेला. आणि तेव्हा ती गोष्ट घडली जी दिवसभरात घडली नव्हती. स्टेडियम गप्प झालं. ढोल थांबले, भोंगे थांबले. हजारो माणसांनी एकदम श्वास धरला. एवढी शांतता मी आमच्या दुकानातही ऐकलेली नाही.

तो धावत आला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. माझे डोळे उत्तम आहेत, मी स्वतः तपासलेत. त्याने डावीकडे बघितलं. मला स्वच्छ दिसलं, माझ्या डावीकडच्या कोपऱ्यात.

आणि मागून, कापडी चोचीच्या आतून, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असा आवाज आला.

"पोट!"

काही प्रेक्षक हसले. बदक ओरडलं की माणसं हसतातच.

मी डावीकडे झेपावलो. फार सुंदर झेप होती असं नंतर सगळे म्हणाले. हवेत असताना मी वळून बघितलं. चेंडू मी जिथे उभा होतो बरोबर तिथून, पोटाच्या उंचीवरून, शांतपणे जाळ्यात गेला.

७

बोगदा जवळजवळ रिकामा झाला होता. अध्यक्ष कोपऱ्यात तोंड झाकून रडत होते. मामाने त्यांच्याकडे बघून झेंडा अर्धा वर केला आणि मग सोडून दिला.

बदकाने डोकं काढलं.

"कुठून गेला?" बुरुजाने विचारलं.

"मधून."

"मी ओरडलो होतो."

"ऐकलं."

"मग?"

मी हातमोज्यांकडे बघत राहिलो. "तुला दिसत नाही हे मला कळलं होतं ना. म्हटलं, याला काय माहीत."

बुरूज हळूच खाली बसला. पोशाखात त्याला नीट बसताही येईना. "दिसायचं कशाला? सगळे गप्प झाले होते. त्याची पावलं ऐकली. कोपऱ्यात मारणारा शेवटी अंग वळवतो, पाऊल वाकडं पडतं. हा सरळ आला. इतकं स्वच्छ तर मला आपल्या मैदानावरही ऐकू येत नाही. म्हणजे मी जर उभा असतो…"

 कॅप्टनने घशातून काहीतरी आवाज काढला. मी मामाकडे बघितलं. मामाने कानाकडे बघणं, किल्ली, शिलाई, भोंगे, सगळं नीट जुळवून केस सोडवली नसती, तर मला काही माहीत नसतं. 'पोट' म्हटलं की हलायचं नाही, हे वर्षभर बाकावरून बघत आलेला मी तसाच उभा राहिलो असतो, आणि चेंडू माझ्या पोटावर आदळला असता.

मामाच्याही ते लक्षात आलं होतं. त्याने झेंडा काढला, कोणावर वर करावा ते त्याला सुचेना. शेवटी त्याने त्यात नाक शिंकरलं.

परतीच्या बसमध्ये बदक चढलं. सरांनी त्याला काही विचारलं नाही. हरलेल्या बसमध्ये बदकाला कोण काय विचारणार? ते मागच्या बाकावर जाऊन बसलं. मी नेहमीच्या जागेवरून उठलो, हातमोजे खिशात कोंबले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

पुढून सरांचा आवाज आला. आता त्यात जीव नव्हता, पण सवय होती.

"आपापला शेजारी बघा."

पुढच्या बाकांवरून एकेक 'आहे' येत गेलं. शेवटी आमचा बाक राहिला.

"आहे," मी म्हणालो.

चोच माझ्या कानाकडे वळली. आतून जरा वेळाने आवाज आला.

"आहे."